आर स्क्वेअर ०.९९९, तरीही खालचे स्टँडर्ड नापास : कॅलिब्रेशनमधील एका नेहमीच्या अडचणीचे निवारण

क्रोमॅटोग्राफी असो, स्पेक्ट्रोफोटोमेट्री असो वा मूलद्रव्यांचे विश्लेषण, ही तक्रार सगळीकडे जवळपास सारख्याच शब्दांत ऐकू येते. कॅलिब्रेशन रेषा, म्हणजे ज्ञात संहतीच्या द्रावणांच्या (स्टँडर्डच्या) मापनांतून काढलेली रेषा, देखणी आली आहे, आर स्क्वेअर (बिंदू रेषेला किती जुळतात ते सांगणारा, १ पर्यंतचा आकडा) ०.९९९ च्या वर आहे, मधल्या आणि वरच्या पातळीचे क्यूसी नमुने (पडताळणीसाठी बनवलेले ज्ञात संहतीचे नमुने) मर्यादेत बसत आहेत; पण खालच्या पातळीचा क्यूसी २०-३० टक्क्यांनी जास्त येतो आणि ब्लँकमध्ये (पदार्थ नसलेल्या कोऱ्या नमुन्यात) पीकचा, म्हणजे संकेताच्या उंचवट्याचा, पत्ता नसतानाही सॉफ्टवेअर काहीतरी संहती छापून मोकळे होते. स्टँडर्ड नव्याने बनवले की एखादी बॅच सुरळीत जाते, आणि त्यापुढच्या बॅचमध्ये तोच क्यूसी तितक्याच टक्क्यांनी कमी येतो. मग मायक्रोपिपेटवर संशय घेतला जातो, कॉलम बदलला जातो, डिटेक्टरची सर्व्हिसिंग होते, आणि अडचण जागच्या जागी राहते.

चूक कधी जास्तीच्या बाजूला तर कधी कमीच्या बाजूला, आणि तीही फक्त खालच्या टोकाला, असे दिसत असेल तर रसायनाकडे वळण्यापूर्वी गणित तपासावे. हे तपासायला ना द्रावक लागतो, ना उपकरणाचा वेळ. जुन्या बॅचचे आकडे पुरेसे असतात.

पुढील आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण त्यांचे वागणे प्रयोगशाळेत रोज दिसते तसेच आहे. १ ते १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर या पट्ट्यात सात स्टँडर्ड घेतले आहेत. शेवटच्या दोन रकान्यांत, रेषा काढल्यानंतर त्याच रेषेवरून प्रत्येक स्टँडर्डची संहती उलट मोजली असता किती टक्के फरक पडतो ते दिले आहे. साधी रेषा सर्व बिंदूंना सारखे महत्त्व देते; भारित रेषा प्रत्येक बिंदूला वेगळे महत्त्व (भार) देते.

| संहती | पीकचे क्षेत्रफळ | क्षेत्रफळ ÷ संहती | साध्या रेषेचा फरक (%) | भारित रेषेचा फरक (%) |
|---|---|---|---|---|
| १ | २०५ | २०५ | +३२.२ | +०.४ |
| २ | ४०२ | २०१ | +१४.२ | −०.७ |
| ५ | १,०१० | २०२ | +५.० | +०.३ |
| १० | १,९८५ | १९८.५ | +०.१ | −१.२ |
| २० | ४,०५० | २०२.५ | +०.५ | +०.९ |
| ५० | ९,८०० | १९६ | −३.७ | −२.३ |
| १०० | २०,६०० | २०६ | +०.९ | +२.७ |

साध्या लघुतम वर्ग पद्धतीने आलेल्या रेषेचा चढ २०४.९, इंटरसेप्ट (शून्य संहतीला रेषेची किंमत) −६५.९ आणि आर स्क्वेअर ०.९९९४ आहे. तिसरा रकाना पाहिला तर उपकरणाचे वागणे निर्दोष आहे हे लगेच कळते, कारण प्रति एकक संहती मिळणारा प्रतिसाद संपूर्ण पट्ट्यात २०० च्या आसपास, तीन टक्क्यांच्या आत आहे. तरीही १ मायक्रोग्रॅमचे स्टँडर्ड या रेषेवर १.३२ वाचले जाते, आणि क्षेत्रफळ शून्य असलेल्या ब्लँकलाही ०.३२ मायक्रोग्रॅम इतकी संहती बहाल होते. हे सारे घडले ते सर्वांत वरचे स्टँडर्ड तीन टक्के जास्त आणि त्याखालचे दोन टक्के कमी आले म्हणून. उद्या हेच फरक उलट दिशेने पडले, म्हणजे १०० चे स्टँडर्ड तीन टक्के कमी आले आणि बाकीचेही तसेच उलटले, तर खालचे स्टँडर्ड ३४ टक्क्यांनी कमी वाचले जाईल. बॅचगणिक बाजू बदलण्याचे कारण तेच.

लघुतम वर्ग पद्धत प्रत्येक बिंदूच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतराचा वर्ग घेते आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवते. त्यात एक गृहीतक दडलेले आहे : सर्व पातळ्यांवर मापनातील विखुरणे, टक्क्यांत नव्हे तर क्षेत्रफळाच्या एककांत, सारखेच असावे. आपल्या उपकरणांचे तसे नसते. सापेक्ष प्रमाण विचलन (टक्क्यांतले विखुरणे) सर्वत्र २ टक्के धरले, तर १ मायक्रोग्रॅमला ते क्षेत्रफळाची ४ एकके होते आणि १०० मायक्रोग्रॅमला ४०० एकके, म्हणजे व्हेरिअन्समध्ये (प्रमाण विचलनाच्या वर्गात) दहा हजार पटींचा फरक. वरच्या बिंदूची अगदी किरकोळ चूक मिटवण्यासाठी रेषा खालच्या टोकाला ६५ एककांनी सरकली, तरी वर्गांच्या बेरजेत त्याची दखलही घेतली जात नाही. मात्र तिथे संपूर्ण संकेतच २०५ एककांचा आहे. वरील उदाहरणात १०० च्या बिंदूचे लिव्हरेज (रेषा आपल्याकडे ओढण्याची ताकद) ०.८१ येते. साध्या सरळ रेषेत सर्व बिंदूंच्या लिव्हरेजची बेरीज नेहमी २ असते, तेव्हा सातांपैकी एकट्या बिंदूकडे त्यातला ४० टक्के वाटा आहे.

आर स्क्वेअरबद्दल थोडे परखडपणे लिहायला हवे, कारण या अडचणीचे निदान लांबते ते बहुधा त्याच्यामुळेच. हा आकडा एकूण चढउतारांपैकी किती भाग रेषेने समजावला ते सांगतो, आणि पट्टा शंभर पटींचा असला की एकूण चढउतार मुख्यतः वरच्या दोन बिंदूंतून येतात. खालची तीन स्टँडर्ड अदलाबदल करून लावली तरी तो फारसा हलणार नाही. फ्रँक अँस्कोम यांनी १९७३ मध्ये चार आकडेसंच प्रसिद्ध केले, त्या चारही संचांचा सहसंबंध गुणांक ०.८१६ आहे, आणि आलेख काढला तर एक सरळ रेषेभोवती विखुरलेला, एक स्पष्ट वक्र, एक एकाच भरकटलेल्या बिंदूने वाकवलेला आणि एक निव्वळ एका दूरच्या बिंदूवर उभा, असे चार निराळे प्रकार दिसतात. ‘आर स्क्वेअर किमान ०.९९५’ ही अट अनेक कार्यपद्धतींत असते. ती असू द्यावी, पण तेवढ्यावरून कॅलिब्रेशन मान्य करू नये. औषधांच्या तांत्रिक अटी ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, जैवविश्लेषणासाठीच्या एम १० मार्गदर्शिकेत प्रत्येक स्टँडर्डची उलट मोजलेली संहती मूळ संहतीच्या ±१५ टक्क्यांत, आणि सर्वांत खालच्या पातळीला ±२० टक्क्यांत असावी, अशी अट आहे. किमान ७५ टक्के स्टँडर्ड या कसोटीला उतरावी लागतात. औषधांच्या क्षेत्राबाहेर काम करणाऱ्यांनीही ही कसोटी उचलावी. वरच्या तक्त्यातील साधी रेषा ०.९९९४ घेऊनसुद्धा १ मायक्रोग्रॅमला तिथे नापास होते.

निदानासाठी पहिला आलेख काढावा तो रेषेचा नव्हे, तर तक्त्यातील तिसऱ्या रकान्याचा. आडव्या अक्षावर संहतीचा लॉगॅरिदम आणि उभ्या अक्षावर क्षेत्रफळ भागिले संहती घ्यावी. लॉगॅरिदम यासाठी की साध्या अक्षावर खालची चार स्टँडर्ड डाव्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात आणि नेमके जे पाहायचे तेच दिसत नाही. हा आलेख आडव्या पट्टीसारखा सपाट आला, बिंदू वर-खाली झाले तरी त्यांत एका दिशेचा कल नसला, तर दोष रेषा बसवण्याच्या पद्धतीत आहे आणि भारित रिग्रेशनने तो जाईल. खालच्या टोकाला आलेख वर चढत असेल तर प्रत्येक स्टँडर्डमध्ये कुठून तरी ठरावीक भर पडते आहे : ब्लँकमधील प्रदूषण, द्रावकातली अशुद्धी, सोबत येणारे दुसरे पीक, किंवा इंटिग्रेशनच्या बेसलाइनची (पीकचे क्षेत्रफळ मोजताना धरलेल्या तळरेषेची) चुकीची आखणी. समजा प्रत्येक क्षेत्रफळात ४० ची भर पडली, तर १ मायक्रोग्रॅमला भागाकार २४५ होतो, २ ला २२१, ५ ला २१०, आणि २० नंतर ती भर मापनाच्या विखुरण्यात दिसेनाशी होते. हा उतरता आकार एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. खालच्या टोकाला आलेख खाली पडत असेल तर पदार्थ हरवतो आहे. वरच्या टोकाला खाली झुकत असेल तर डिटेक्टर किंवा आयनीकरण संपृक्त होते आहे.

साधी रेषा यांपैकी कोणत्याही कारणाने खालच्या टोकाला चुकू शकते आणि बाहेरून चारही प्रकरणे सारखीच दिसतात. सपाट आलेख हाती नसताना भार लावणे म्हणजे दोष झाकणे होय.

आलेख सपाट असेल तर पुढचा प्रश्न कोणता भार लावायचा हा. तत्त्व सोपे आहे : प्रत्येक बिंदूला त्याच्या व्हेरिअन्सच्या व्यस्त प्रमाणात भार मिळावा. प्रमाण विचलन संहतीच्या प्रमाणात वाढत असेल तर भार १ भागिले संहतीचा वर्ग; व्हेरिअन्स संहतीच्या प्रमाणात वाढत असेल, जसे कण मोजण्यावर आधारलेल्या डिटेक्टरमध्ये होते, तर १ भागिले संहती; आणि विखुरणे सर्वत्र समान असेल तर भार नकोच. हे ठरवण्यासाठी निदान तीन-चार पातळ्यांवर पुनर्मापने घेऊन प्रमाण विचलनाचा लॉगॅरिदम संहतीच्या लॉगॅरिदमसमोर मांडावा. चढ १ च्या जवळ आला तर पहिला भार, ०.५ च्या जवळ आला तर दुसरा, शून्याच्या जवळ आला तर साधी रेषा. व्हेरिअन्स खरोखरच वेगळे आहेत का, याची एफ चाचणीही करता येते; दोन्ही टोकांना पाच-पाच पुनर्मापने असतील तर ९५ टक्के पातळीवरची एकतर्फी मर्यादा ६.३९ आहे, आणि शंभर पटींच्या पट्ट्यात मिळणारे गुणोत्तर बहुधा तिच्या कितीतरी पुढे असते. मात्र पाच मापनांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच फार ढोबळ असते : ९५ टक्के विश्वास पातळीला खरी किंमत मिळालेल्या किमतीच्या ०.६ पटीपासून २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यांवर भार ठरवू नये. पडताळणीतील आणि जुन्या बॅचमधील क्यूसीचे विखुरणे एकत्र करून ठरवावा.

उदाहरणात संहतीच्या वर्गाचा भार लावल्यावर चढ २००.६ आणि इंटरसेप्ट +३.६ येतो, आणि सातही स्टँडर्ड ±३ टक्क्यांत बसतात. टक्केवारीतील फरकांची, चिन्ह सोडून केलेली बेरीज साध्या रेषेला ५६.६ होती, या भाराने ती ८.५ होते, आणि १ भागिले संहती या भाराने १०.०. दुसरा आणि तिसरा आकडा यांतील अंतर नगण्य आहे, आणि तेवढ्यावरून एकाला विजेता ठरवणारे सॉफ्टवेअरचे अहवाल गंभीरपणे घेऊ नयेत. भार लावला की नाही, हा फरक मोठा. दोन भारांमधला बहुतेकदा किरकोळ. क्षेत्रफळ ३०५ आलेल्या एखाद्या अज्ञात नमुन्यावर याचा परिणाम पाहावा : साधी रेषा त्याला १.८१ म्हणते, भारित रेषा १.५०. मर्यादा १.७ असेल तर याच फरकावर नमुना पास की नापास ते ठरते.

क्रोमॅटोग्राफीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये भाराचा पर्याय कॅलिब्रेशनच्या सेटिंगमध्ये असतो, आणि तो कुणी हात लावेपर्यंत ‘काही नाही’ याच जागी राहिलेला असतो. एक्सेलच्या ट्रेंडलाइनमध्ये तो नाही. पण संहतीच्या वर्गाच्या भारासाठी एक सोपी वाट आहे. एका रकान्यात १ भागिले संहती आणि दुसऱ्यात क्षेत्रफळ भागिले संहती काढावी, आणि पहिला आडवा, दुसरा उभा धरून नेहमीची साधी रेषा बसवावी. या नव्या रेषेचा इंटरसेप्ट हा मूळ कॅलिब्रेशनचा चढ असतो, आणि नव्या रेषेचा चढ हा मूळ इंटरसेप्ट. दोन्हींची अदलाबदल विसरली की भलतेच उत्तर येते, म्हणून एका स्टँडर्डची संहती हाताने उलट मोजून पाहावी.

भारित रेषेचीही किंमत मोजावी लागते, आणि याविषयी कार्यपद्धतींत सहसा काही लिहिलेले नसते. उदाहरणात ०.८१ चे जे लिव्हरेज १०० च्या बिंदूकडे होते, ते संहतीच्या वर्गाचा भार लावताच जसेच्या तसे १ च्या बिंदूकडे जाते. आता इंटरसेप्ट जवळजवळ पूर्णपणे सर्वांत खालच्या स्टँडर्डच्या हातात असतो, आणि ते बनवताना झालेली चूक थेट खालच्या सर्व निकालांत उतरते. त्यासाठी सर्वांत खालचे स्टँडर्ड दोनदा, स्वतंत्रपणे बनवून दोन्ही रेषेत घ्यावे. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे अशी साखळीने सौम्य केलेली स्टँडर्ड टाळावीत, कारण पहिल्या पायरीची चूक पुढच्या सर्व पायऱ्यांत तशीच उतरते आणि आलेखात ती चूक म्हणून ओळखूही येत नाही. १ मिलिलिटरच्या क्लास ए पिपेटची अनुज्ञेय चूक ०.००८ मिलिलिटर, म्हणजे ०.८ टक्के असते, तर १० मिलिलिटरच्या पिपेटची ०.०२ मिलिलिटर, म्हणजे ०.२ टक्के, तेव्हा शक्य तिथे मोठे आकारमान मोजून मोठ्या फ्लास्कमध्ये सौम्य करणे बरे. क्यूसी मात्र वेगळ्या वजनातून, वेगळ्या मूळ द्रावणातून बनवलेलाच हवा. त्याच मूळ द्रावणातून बनवलेला क्यूसी रेषेच्या चुकीला साक्षीदार होऊ शकत नाही.

इंटरसेप्ट त्रास देतो म्हणून रेषा शून्यातून जबरदस्तीने नेण्याचा मोह होतो. इंटरसेप्टच्या विश्वास अंतरालात शून्य येत असेल आणि ब्लँक खरोखर कोरा असेल तर ते चालते. क्षेत्रफळ भागिले संहतीचा आलेख खालच्या टोकाला चढत असताना तसे केल्यास प्रदूषण निकालात गाडले जाते. शून्य संहती, शून्य क्षेत्रफळ असा बिंदू न मोजताच तक्त्यात घालणे त्याहून वाईट, कारण तो आकडा कोणत्याही मापनातून आलेला नसतो.

साध्या रेषेचा आणखी एक उपद्रव शोधन मर्यादेत, म्हणजे पदार्थ आहे एवढे ओळखता येईल अशा सर्वांत कमी संहतीत, दिसतो. रेषेभोवतीचे शिल्लक प्रमाण विचलन गुणिले ३.३ भागिले चढ, हे सूत्र आयसीएचच्याच क्यू २ मार्गदर्शिकेमुळे सर्वपरिचित आहे. वरील उदाहरणात ते शिल्लक विचलन १९२.५ आहे; त्यावरून शोधन मर्यादा ३.१ आणि ३.३ ऐवजी १० ने गुणून मापन मर्यादा (भरवशाने मोजता येणारी सर्वांत कमी संहती) ९.४ मायक्रोग्रॅम प्रति लिटर निघते. ज्या पातळीवर २ टक्के सापेक्ष विचलनाने मोजता येते ती १ मायक्रोग्रॅमची पातळी या हिशेबाने ‘दिसतच नाही’! तो १९२.५ आकडा जवळपास पूर्णपणे ५० आणि १०० च्या स्टँडर्डमधून आलेला असल्याने खालच्या टोकाबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. मर्यादा काढायची असेल तर ब्लँकचे किंवा मर्यादेलगतच्या स्टँडर्डचे विचलन घ्यावे, अथवा केवळ खालच्या पट्ट्यातील वेगळी रेषा काढावी.

आलेख सपाट नसेल तर मात्र प्रयोगशाळेतच उतरावे लागते. पदार्थ हरवत असल्यास पहिला संशय भांड्यावर घ्यावा. आम्लारीधर्मी सेंद्रिय संयुगे काचेच्या पृष्ठभागाला धरून राहतात, जलविरोधी संयुगे प्लॅस्टिकला, आणि धातूंचे आयन उदासीन द्रावणात भांड्याच्या भिंतीवर बसतात. धातूंसाठी नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेणे, आणि सेंद्रिय संयुगांसाठी सौम्य करण्याच्या द्रावकात थोडा सेंद्रिय द्रावक ठेवणे किंवा भांड्याचा प्रकार बदलून पाहणे हे उपाय आहेत. खालचे स्टँडर्ड बनवल्याबरोबर आणि काही तासांनी पुन्हा इंजेक्ट केल्यावर क्षेत्रफळ घटत गेले तर अधिशोषण किंवा विघटन नक्की समजावे. कॅरीओव्हर (आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरणे) पाहायचा तर सर्वांत वरच्या स्टँडर्डनंतर लगेच ब्लँक चालवावा. एम १० नुसार त्यातील संकेत सर्वांत खालच्या स्टँडर्डच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. स्टँडर्ड नेहमी खालून वर याच क्रमाने चालवण्याची सवय कॅरीओव्हर लपवते, आणि उपकरणाचा ड्रिफ्ट (वेळेनुसार प्रतिसाद सरकणे) व संहती यांची अशी सरमिसळ करते की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. निदानाच्या रनमध्ये तरी क्रम विस्कळीत ठेवावा.

वरचे टोक झुकत असेल तर पट्टा आखूड करणे हाच सरळ उपाय. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ०.१ टक्का भटका प्रकाश असेल तर खरा शोषणांक (ॲब्सॉर्बन्स) २ असताना १.९६ वाचला जातो, आणि खरा ३ असताना २.७०; तिथे कोणताही भार कामाचा नाही. वर्गसमीकरण बसवून झुकाव सामावून घेता येतो, पण त्यासाठी वरच्या भागात जास्त स्टँडर्ड लागतात, आणि नमुना सौम्य करून मोजणे सोपे असताना तो उपद्व्याप कशासाठी? नमुने प्रत्यक्षात १ ते १५ मायक्रोग्रॅमच्या दरम्यानच येत असतील तर १०० पर्यंतची रेषा ठेवण्याचेही कारण उरत नाही, आणि पट्टा २० पर्यंत आणल्यावर भाराचा प्रश्नही बराच सौम्य होतो.

स्टँडर्ड ठीक, त्याच द्रावकातील क्यूसी ठीक, पण खऱ्या नमुन्यात भर घालून केलेली रिकव्हरीच चुकत असेल, तर तो मॅट्रिक्सचा, म्हणजे नमुन्यातील इतर घटकांचा, परिणाम आहे. त्यावर मॅट्रिक्समध्ये बनवलेली स्टँडर्ड, अंतर्गत स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घातलेला दुसरा पदार्थ) किंवा स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यातच स्टँडर्डची वाढती भर घालून मोजणे) ही उत्तरे आहेत. रेषेच्या गणिताशी त्याचा संबंध नाही.

पडताळणी झालेल्या पद्धतीत भार बदलणे हा पद्धतीतला बदल आहे. तो बदल-नियंत्रणाच्या नोंदीतून करावा, जुन्या किमान काही बॅचचे कच्चे आकडे नव्या भाराने पुन्हा मोजून क्यूसीवरील परिणाम जोडावा, आणि अचूकता, पुनरावर्तनीयता व मापन मर्यादा एवढ्यांची अंशतः फेरपडताळणी करावी. एकदा ठरलेला भार पद्धतीत लिहून टाकावा. ज्या बॅचला जो भार सोयीचा तो लावण्याची मुभा ठेवली, तर ऑडिटमध्ये निकाल पाहून सेटिंग निवडल्याचा आक्षेप येईल, आणि तो रास्तच असेल.